डाव्या कुशीवर

"डाव्या कुशीवर वळू का?"

आम्ही सांगायच्या आत काकाच विचारायचे आणि शर्टाची बटणं सोडायला लागायचे. छातीवर स्टेथोस्कोप टेकला की दुसरा प्रश्न ठरलेला. "ऐकू आलं का?"

एका खाटेभोवती दहा-बारा पांढरे कोट आणि मधला माणूस दिसतच नाही, असं दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. आमच्या मेडिकल कॉलेजात तो मधला माणूस बहुधा काका. त्यांच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. ठोक्यागणिक फुस्स आवाज यायचा, आणि तो इतका स्वच्छ की प्रत्येक बॅच त्यांच्यावरच शिकायची.

काका ताडकळसच्या बाजारात गुरांची दावी-कासरे विकायचे. बायको गेलेली, मूलबाळ नाही. दम लागला की एसटीने येऊन भरती व्हायचे, बरं वाटलं की जायचे.

पहिल्या दिवशी मला काहीच ऐकू येईना. सगळे माना डोलवतायत आणि मी रडकुंडीला आलेली. काका हळूच म्हणाले, "कानातलं उलटं घातलंय, डाक्टरीणबाई."

शनिवारी सोनपेठ-जिंतूरच्या मुली एसटी धरायच्या आणि हॉस्टेल ओस पडायचं. माझं घर कोकणात. जाण्यायेण्यातच सुट्टी संपायची. मेसमध्ये एकटीने जेवायचा मला भयंकर कंटाळा. मग केस लिहायची म्हणून वॉर्डात जायची. वहीत एक ओळ व्हायची नाही. काका ओळखून होते. "लिवा, लिवा. मी बी बसलोच हाय."

सरांनी त्यांना ऑपरेशनसाठी संभाजीनगरला जायला सांगितलं होतं. खर्च योजनेतून होणार होता, पण सोबत एक माणूस हवा होता. सरांनी दिलेली चिठ्ठी, त्या माणसाच्या नावाची जागा कोरीच, महिनाभर उशीखाली पडून होती. एका रविवारी त्यांनी विचारलंच, "तुमी येताल का, बाई? नुस्तं भाईर बसायचं."

परीक्षा आठ दिवसांवर होती. मी म्हणाले, "परीक्षा झाली की जाऊ, काका. नक्की."

"व्हय, आदी परीक्षा. मी कुटं पळून चाललोय?"

परीक्षेत मला केस आली तीही काकांचीच. परीक्षक पलीकडे वळताच ते पुटपुटले, "मायट्रल लीक हाय. आवाज काखंपत्तूर जायलाय. भिऊ नका."

परीक्षकांनी विचारलं, "पेशंटसोबत कोण असतं?"

"कोणीच नाही, सर."

"शाब्बास. हे पेशंटला कुणी विचारतच नाही."

काका कौतुकाने माझ्याकडे बघत होते. मी खाली कागदात बघत राहिले.

परीक्षा संपली आणि मी घरी पळाले. शब्द दिलेला आठवत होता, नाही असं नाही. पण आईच्या हातचं जेवण सोडवेना. पंधरा दिवसांनी परतले तर त्यांच्या खाटेवर दुसराच माणूस होता.

"काका वारले मंगळवारी," सिस्टर म्हणाल्या. "सुट्टी कधी संपते, रोज विचारायचे. आदल्या दिवशी तर चिठ्ठीही भरून घेतली माझ्याकडून." त्यांनी ड्रॉवरमधून ती काढून माझ्या हातात दिली.

'सोबत येणाऱ्याचं नाव' यापुढे सिस्टरच्या अक्षरात लिहिलं होतं, 'कोकणातल्या डाक्टरीणबाई'.

त्यांच्या छातीतला आवाज मला पाठ होता. इतक्या रविवारांत माझं नाव मात्र मी त्यांना सांगितलंच नव्हतं.