गुडघ्याएवढी पेटी

शाळेत शिकून पनवेलमध्ये जितकी माणसं शहाणी झाली असतील, त्याहून जास्त आमच्या शेजारच्या आजोबांनी शाळेच्या फाटकावर शहाणी करून सोडली आहेत. जन्म उरणकडचा, आणि सगळी नोकरी न्हावा शेवा बंदराच्या गेटवर कंटेनरच्या दारांची नंबरवाली सिलं तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर कंटेनर सुटले, तपासणी सुटली नाही. नात आमच्या मुलीच्या शाळेत होती म्हणून ते पालकांच्या सुरक्षा समितीत शिरले. पुढे मुलानं उलव्याला घर घेतलं, नातही तिकडच्या शाळेत गेली, आजोबा मात्र समितीतच राहिले. त्यांना ‘आता पुरे’ म्हणण्याचं पुण्यकर्म मुख्याध्यापिकाबाईंनी समितीतल्या आम्हा बाकीच्यांवर सोपवलं होतं, आणि आम्ही देवावर.

मूल घरी न्यायला येणाऱ्यानं परवलीचा शब्द सांगायचा, हा नियम त्यांचाच. एकदा व्हॅनऐवजी मीच मुलीला न्यायला गेलो आणि तो विसरलो. मुलगी ‘बाबा, बाबा’ म्हणून माझा हात ओढत होती, तरी आजोबा ढिम्म. “सिलचा नंबर जुळला नाय तर माल सुटत नाय,” म्हणाले. शेवटी बायकोला फोन लावून माझी सुटका झाली, आणि तो शब्द ‘भेंडी’ होता हे सगळ्या फाटकाला कळलं.

त्यांची सगळ्यात मोठी कामगिरी म्हणजे तक्रारपेटी. शिपायानं ती चांगली छातीच्या उंचीवर ठोकली होती. आजोबांनी ती उपटून गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवली. “तक्रार कोन करनार? पयलीतली पोरं. मंग त्यांचा हात पोचायला नको?” पोरांचा हात पोचला, पण कुलूप उघडायला दर शनिवारी आजोबांना फरशीवर फतकल मारावी लागे आणि त्यांना उठवायला दोन शिक्षक लागत. आत निघे काय, तर ‘खिचडीत वाटाणे नकोत’ आणि ‘गणिताच्या बाईंना सुट्टी द्या’. समितीच्या बैठकीत आजोबा हे सगळं चष्मा लावून गंभीरपणे वाचत, आणि आम्ही सुशिक्षित माणसं रुमालात हसत असू.

एका बैठकीत त्यांनी वाचलं : “व्हॅनवाले काका फोनवर बोलतात आणि दोन ट्रेलरच्या मधून गाडी घालतात. मी रोज डोळे मिटून घेते.”

मुलांची कल्पनाशक्ती, असं बाई म्हणाल्या. मी त्यांच्याही पुढे गेलो. आमचीही मुलगी त्याच व्हॅननं जाते, या माणसानं तिला कधी एक मिनिट उशीर केलेला नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं. उशीर का होत नव्हता, हा प्रश्न मला पडला नाही. मग चिठ्ठी हातोहात फिरत माझ्याकडे आली. कागद माझ्या ऑफिसच्या डायरीचा होता. अक्षर तर रोज मीच तपासत होतो. मी चिठ्ठी पुढे दिली, तेव्हा आजोबा चष्म्यावरून माझ्याकडेच बघत होते. त्या बैठकीत समोसे आले होते, मला एकही गेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून आजोबा व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसू लागले, ड्रायव्हरचा फोन आपल्या सदऱ्याच्या खिशात ठेवून. महिनाभर त्यांनी त्याला वाटेल ते ऐकवलं. व्हॅन आता दहा मिनिटं उशिरा येते आणि तक्रार करायची माझी टाप नाही.

चिठ्ठी कुणाची, हे त्यांनी बैठकीत विचारलं नव्हतं. जिन्यात मात्र मला थांबवून हळूच म्हणाले, “पोरीला कायबी विचारू नका. तिनं पेटीला सांगितलं, तुमाला नाय. राग नका मानू, तुमी उभे असता ना सारखे.”

यंदा त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि मुलगा त्यांना उलव्याला घेऊन गेला. शेजारचं दार बंद असतं, आणि ज्या माणसाला टाळायला मी लिफ्टऐवजी जिना वापरायचो, त्याची फार आठवण येते. पेटीची किल्ली माझ्याकडे आली आहे. मुलगी शाळेतून आली की मीही हल्ली तिच्यासमोर फरशीवर फतकल मारतो. बहुतेक वेळा डब्यातल्या भेंडीबद्दलच तक्रार असते. ती मी शेवटपर्यंत ऐकून घेतो.