खंडेनवमीचे गळ

मला गळाची भीती वाटते. मासे पकडणाऱ्या बाईनं असं लिहू नये, पण हे कुणाला दाखवायचं नाही, म्हणून लिहिते. पाण्याचीही भीती वाटते, ती वेगळी. बडोद्यात पाणी म्हटलं की मगर आलीच, पण मगर मोठी असते, दिसते, तिच्यापासून लांब बसता येतं. गळ दिसत नाही. फरशीवर पडला तर फरशीच्या रंगाचा होतो.

ह्यांच्या पायांना काही कळत नाही. साखरेमुळे तसं झालंय. गरम, गार, टोचलं, कापलं, घोट्याखाली काही पोचत नाही. मागच्या वर्षी बुटात बारीक खडा गेला आणि तो घेऊन हे दिवसभर चालले. संध्याकाळी मोजा काढला तर तळव्याकडून ओला. त्या खड्यापायी डाव्या पायाचं एक बोट काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या जखमेला बोटावर भागेल असं समजू नका. त्यांनी ते अगदी हळू सांगितलं होतं, पण मला भांडी घासतानासुद्धा ऐकू येतं.

हे प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. सुटीच्या दिवशी सायकलला काठी बांधून मासे धरायला जायचे, मित्रांबरोबर. मी कधी गेले नव्हते. बोट गेल्यावर चिखल बंद झाला, पाणी बंद झालं, आणि त्यातच निवृत्ती आली. हे खिडकीशी बसून राहायला लागले. समोर काही नाही, पलीकडच्या इमारतीची भिंत. टीव्ही लावला तर बंद करायचे. जेवायला हाक मारली तर "हो" म्हणायचे आणि उठायचे नाहीत. तेही मला बघवत नव्हतं.

एक दिवस मी म्हटलं, "काठी मी धरते. तुम्ही वर कोरड्यात खुर्चीवर बसून सांगा."

"काय म्हणालीस?"

मी इतकं हळू बोलले होते की पुन्हा सांगावं लागलं. हे बघतच राहिले. मग कितीतरी दिवसांनी हसले. "तू? दुधवाल्याशी बोलायला दाराआड उभी राहतेस तू!"

दुकानात गेलो तेव्हा काठी कुणासाठी म्हणून दुकानदारानं ह्यांना विचारलं, "कोना माटे, काका?" हे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आमना माटे," म्हणजे हिच्यासाठी. तो माझ्या मागे बघायला लागला, तिथं आणखी कुणी उभं आहे की काय. मला वाटलं, परत जावं. त्यानं लांब काठी हातात दिली. माझं मनगट खाली झुकलं.

"जड आहे का?" हे म्हणाले. "बोल ना. दिवसभर तुझ्याच हातात राहणार आहे."

मी काठी काउंटरवर ठेवली आणि बाजूची आखूड, हलकी काठी उचलली. "ए बराबर छे," दुकानदार म्हणाला, आणि तेव्हापासून माझ्याकडे बघून बोलायला लागला. रीळ साधं घेतलं. दुसरं एक गोल, चकचकीत होतं, पण अंगठा जरा उशिरा टेकला की दोरीचा गुंता होतो म्हणे, नवख्यानं घेऊ नये. मग त्यानं रबराचे बेडूक काढले. तलावात मरळ गवतात दडून राहते, तिथं उघडा गळ टाकला की गवतच हाती येतं. ह्या बेडकाचा गळ त्याच्या पाठीला चिकटून लपलेला असतो, माशानं चावलं की मगच बाहेर येतो. मी लगेच म्हटलं, "हेच द्या." गळ झाकलेला होता, मला आणखी काही नको होतं.

हे दुकानदाराला म्हणाले, "लोक मासा बघून सामान घेतात, आमच्याकडे भीती बघून घेतात."

ह्यांची जुनी पेटी म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात सगळं एकत्र, एक गळ उचलला की दहा लोंबत यायचे. हे तो जमिनीवर पेपरवर उलटा करायचे आणि चष्मा लावून निवडत बसायचे. माझा जीव टांगणीला. शेवटी कप्प्याकप्प्यांची प्लास्टिकची पेटी आणली आणि सगळं मी लावायला घेतलं. पहिल्यांदा आमिषाच्या रबरी अळ्या आणि प्लास्टिकचे मासे एका कप्प्यात ठेवले, तर महिन्याभरात अळ्या वितळून कप्प्याला चिकटल्या, मासा त्यात रुतून बसला. तेव्हापासून अळ्या त्यांच्या त्यांच्या पिशवीत. गळांवर आकडे असतात, पण आकडा मोठा तितका गळ लहान. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण इतकं तर मलाही समजतं की हे उलटं आहे. मी आकडे सोडून दिले. प्रत्येक गळाला एकच कप्पा केला आणि कप्प्याच्या तळाला लाल ब्लाउजपीसचा तुकडा चिकटवला. गळ जागेवर नसला की लाल दिसणार.

"मिसळणाचा डबा केलास," हे म्हणाले.

"करू दे."

पाण्यावरून निघताना पेटी उघडून लाल शोधायचं, घरी आल्यावर पुन्हा शोधायचं. असं चाललं होतं. मासेही मिळायला लागले होते, थोडे. ह्यांची जेवणं सुधारली होती.

मग खंडेनवमी आली.

वर्कशॉपमध्ये असताना ह्या दिवशी हे आपल्या पान्यांची, हातोड्यांची पूजा करायचे. घरी आमची सुरी, विळी, शिवणाचं मशीन, सगळ्याला हळदकुंकू लागायचं. ह्या वर्षी ह्यांनी पेटी पाटाजवळ आणून ठेवली. "माझी हत्यारं आता हीच," म्हणाले.

"पेटीलाच कुंकू लावा. उघडू नका."

"हत्यार पेटीत ठेवून कुणी पुजतं का? बाहेर मांडायचं असतं."

सणाच्या दिवशी ह्यांचा चेहरा असा उजळलेला, मी काय बोलणार? लाल वस्त्रावर काठी, रीळ, बेडूक, आणि पुढे गळांची ओळ. प्रत्येकावर हळदकुंकवाचं बोट, वर झेंडूची फुलं, पाकळ्या. पूजा म्हणजे पायात चप्पल नाही. डॉक्टरांनी घरातसुद्धा मऊ चप्पल घालायला सांगितलंय, पण देवापुढे कोण घालणार? आणि आमच्याकडे पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नसतं. म्हणजे ते सगळं तसंच मांडून राहिलं. मी तिथून जाताना भिंतीला धरून जात होते.

दसऱ्याला सकाळी ह्यांनी अंघोळ करून पुन्हा फुलं वाहिली, नमस्कार केला, आणि मी आवरायला बसले. निर्माल्य पिशवीत भरलं. एकेक गळ पुसून त्याच्या कप्प्यात ठेवला. झाकण लावायच्या आधी सवयीनं बघितलं.

एक कप्पा लाल होता.

सगळ्यात लहान गळाचा. पिठाची गोळी लावून बारीक मासे धरायला घेतलेला, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. मी वस्त्र झटकलं. पाट उलटा केला. निर्माल्याची पिशवी परातीत ओतून एकेक फूल पिळून बघितलं. परातीत काही वाजलं नाही.

"अहो, हलू नका," मी म्हटलं.

हे पलीकडच्या खोलीत गोंड्यांचं तोरण सरळ करत होते, अनवाणी. "काय झालं?"

"हलू नका म्हटलं ना! आहात तिथंच खुर्चीवर बसा. पाय वर घ्या."

तेवढ्यात दार वाजलं. ह्यांची बहीण, आमच्या वन्सं, दांडिया बाजारातून दरवर्षी सोनं द्यायला येतात. शाळेत शिकवायच्या, आवाज अजून वर्गातला. दार उघडंच होतं, त्यांनी चपला काढल्या आणि आत पाय टाकणार, तर मी ओरडले, "वन्सं, आत येऊ नका!"

इतकी वर्षं झाली लग्नाला, मी त्यांच्याशी मान वर करून बोलले नव्हते. त्या एका पायावर थांबल्या.

"अगं बाई! दसऱ्याला दारात उभं करतेस?"

"गळ पडलाय कुठंतरी."

"घ्या! लोकांच्या घरी दसऱ्याला सोनं असतं, आमच्या वहिनीकडे गळ." मग आत बघून, "दादा, तू काय रे असा मांडी घालून बसलायस? पुतळा?"

"मला हलायची परवानगी नाही," हे म्हणाले. दोघं हसले. मला हसू आलं नाही. मी जमिनीवर गाल टेकून फरशी बघत होते. आडवं बघितलं की बारीक वस्तू दिसते. एक पिन दिसली, एक मोहरीचा दाणा दिसला. ह्यांच्या कपाटात वर्कशॉपमधला जुना लोहचुंबक होता, तो कागदात गुंडाळून सगळ्या खोलीभर फिरवला. पिन चिकटली. गळ नाही.

मग मी ह्यांच्या खुर्चीपुढे बसले. "पाय दाखवा."

"काही नाहीये गं. मला लागलं असतं तर..." एवढं बोलून हे स्वतःच थांबले.

उजवा पाय बघितला. बोटांच्या फटी, तळवा. स्वच्छ. डावा मांडीवर घेतला. टाचेच्या कडेला झेंडूची एक पाकळी चिकटली होती. पायाला पाणी होतं, पाकळ्या चिकटतातच, माझ्याही पायाला होत्या. मी ती बोटानं झटकली.

पाकळी निघाली नाही.

पुन्हा झटकली. ती एका बाजूनं उचलली गेली आणि दुसऱ्या बाजूनं तशीच राहिली, काहीतरी तिला धरून ठेवल्यासारखी. मी वाकून बघितलं. पाकळीच्या खाली गळाची दांडी टाचेला आडवी झोपली होती. टोक भेगेत गेलं होतं, आत, दिसत नव्हतं.

मी वर बघितलं, हे माझ्याकडे बघून हसतच होते. "मिळाला का?" म्हणाले.

ते हसणं मी विसरू शकत नाही. त्यांच्या टाचेत लोखंड होतं आणि ते मला विचारत होते, मिळाला का.

वन्सं अनवाणीच धावत आत आल्या. "ओढ, काढून टाक पटकन," म्हणाल्या. मी त्यांचा हात धरला. गळाच्या टोकाला मागे वळलेला एक काटा असतो, मासा सुटू नये म्हणून. ओढला की तो मांस फाडून येतो. एवढं मी शिकले होते. "नाही. आहे तसंच न्यायचं."

रिक्षात मी ह्यांचा पाय मांडीवर घेऊन बसले. रस्त्यावर सगळीकडे जिलेबी-फाफड्याच्या रांगा, गाड्यांना हार. वन्संनी हातातली आपट्याची पानं तशीच मुठीत धरली होती, चुरा झाला होता त्यांचा.

दवाखान्यात सुटीमुळे एकच तरुण डॉक्टर होते. त्यांनी गळ पुढे ढकलून टोक बाहेर काढलं, पक्कडीनं तो काटा तोडला आणि दांडी मागे ओढून घेतली. सुन्न करायचं इंजेक्शन त्यांनी भरलं होतं. आधी सुईनं टोचून बघितलं, आणि ह्यांच्या तोंडाकडे बघून ते तसंच बाजूला ठेवलं. गरजच पडली नाही त्याची.

"कधी लागलं?"

काल की आज, कुणालाच सांगता येईना.

मग ते दिवस. रोज पट्टी बदलायची. मी आधी वास घ्यायची, मग डोळे उघडायची. कडा लाल आहे का, काल होती त्याहून पसरली का. हे विचारायचे, "कशी आहे?" आणि मी म्हणायची, "बरी आहे," आणि मला खरंच माहीत नसायचं. एकदा कड सुजल्यासारखी वाटली. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर धरून उभी राहिले. ह्या सगळ्यात हे पुन्हा खिडकीशी बसायला लागले होते. वन्सं येऊन म्हणाल्या, "ती पेटी देऊन टाक कुणाला तरी. जळली मेली." हे भिंतीकडे बघत राहिले.

मीही तेच ठरवलं होतं. पण त्या भिंतीकडे बघणाऱ्या माणसाचं काय करायचं, ते मला कुणी सांगत नव्हतं.

दिवाळी होऊन गेली आणि जखम भरली. डॉक्टरांनी बोटानं दाबून बघितलं आणि पट्टी नको म्हणाले. घरी आल्यावर मी पेटी काढली, परातीत ठेवली आणि निवडायला बसले. लहान गळ सगळे वेगळे काढून बरणीत घातले, झाकण चिकटपट्टीनं बंद केलं आणि दुकानात परत देऊन आले. एकटीच गेले होते. मोठे राहिले, त्यांचा मागचा काटा पक्कडीनं दाबून सपाट केला. प्रत्येक दांडीला लाल लोकर बांधली.

हे बघत होते. "मासा सुटेल अशानं."

"सुटू दे."

"लोकर बघून मरळ जवळसुद्धा येणार नाही."

"नको येऊ दे."

ह्यांनी चष्मा लावला. मग म्हणाले, "गाठ जरा वर बांध. बेडूक पाण्यात वाकडा चालेल नाहीतर."

थंडीत आम्ही पुन्हा गेलो. कोयलीच्या पुढचा तलाव, लांबवर रिफायनरीची ज्योत दिसते तिथला. हे वर खुर्चीवर, पायात बूट, मी निघताना आत हात घालून बघितलेले. मी काठी धरली. गवताच्या कडेला बेडूक टाकला, ओढला, टाकला. एकदा पाणी फुटलं, काठी वाकली, हे ओरडले, "घे, घे!" आणि दोरी सैल झाली. सुटला. "सांगितलं होतं!" हे म्हणाले. आवाजात राग होता आणि खूश असल्यासारखंही काहीतरी होतं.

निघायच्या वेळी मी पेटीतलं लाल बघून घेतलं, मग ह्यांच्या पुढे मातीत बसले, बूट काढले, मोजा काढला आणि डावा पाय मांडीवर घेतला. शेजारी मासे धरायला आलेली माणसं होती. ती बघायला लागली. एकानं काय झालं म्हणून विचारलं, "बेन, शुं थयुं?"

"कांई नथी," मी म्हटलं. "जोउं छुं." नुसतं बघतेय.

टाचेवर पांढरा ठिपका राहिलाय, तिथं मी अंगठा फिरवला. बोटांच्या फटी उघडल्या, एकेक. ती माणसं अजून बघत होती. मी मोजा परत चढवला.

"दुसरा पाय द्या," मी म्हटलं.