माझ्या पणजोबाला दोनदा मारलं

माझ्या पणजोबाला जून १९४० मध्ये, फ्रान्समधल्या एका खेड्याबाहेर, दोन्ही हात वर असताना गोळ्या घातल्या. वसईतल्या आमच्या वाडीने मात्र ठरवून टाकलं की त्याने तिकडे मडम ठेवली. शिक्षा भोगली मागे राहिलेल्यांनी. मोठ्या दिराने पणजीच्या पाठीवर वल्हं मोडलं. आजोबांना पोरं "मडमेचा" म्हणत धरून बडवायची; त्यांचा डावा कान तेव्हा गेला तो गेलाच.

आजोबा आता शहाऐंशीचे, इकडे आखातात, अल कुसैसला आमच्याकडे असतात. पणजीने मरेपर्यंत विधवेचं काळं नेसलं नाही, की चर्चमधल्या मेलेल्यांच्या मिस्सात नवऱ्याचं नाव वाचू दिलं नाही. जिवंत माणसाचं नाव तिथे घेतलं तर तो मरतो, असं ती म्हणायची. आजोबा मला म्हणाले, "तू कॉलेजात पत्रकं वाटून सगळ्यांना जाब विचारायचीस ना? मग हा जाब विचार. वर गेल्यावर बापाला कुठल्या रांगेत शोधू, लढाईत मेलेल्यांच्या की बायको टाकून गेलेल्यांच्या?"

पणजोबा जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकायचा. युद्ध सुरू झालं तेव्हा जहाज मार्सेयला अडकलं आणि तो फ्रेंच पायदळात, परदेशी स्वयंसेवकांच्या रेजिमेंटमध्ये भरती झाला. एवढं सैन्याकडून कळलं. पुढे नुसतं 'बेपत्ता'. रेजिमेंट जिथे लढली तिथल्या एका शाळामास्तरला मी मेल केला. त्याने एक म्हातारी शोधून दिली. तेव्हा ती लहान मुलगी होती आणि गोठ्याच्या फटीतून बघत होती.

फोनवरून नेटच्या कॉलला इथे बंदी, म्हणून ऑफिसच्या मीटिंग रूममधून जोडला. माझी लेबनीज कलीग फ्रेंचचं इंग्रजी करून सांगत होती. जर्मनांनी कैदी भिंतीशी उभे केले. गोरे एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या. फ्रेंचांच्या आफ्रिकन सैनिकांवर मशीनगन चालवली. त्यांच्यात एक सडपातळ, सावळा माणूस होता. मनगटावर क्रूस गोंदलेला, खाली होडी. तो पडला, पण हलत होता. मग रणगाडा त्यांच्यावरून नेला. परत मागे घेतला.

"खलास, बस," कलीग म्हातारीला अरबीतच म्हणाली आणि रडायला लागली. मी विचारलं, "परत मागे का घेतला?" म्हातारी म्हणाली, "हसत होते."

क्रूस आणि होडी. पणजीने आजोबांना हीच खूण सांगितली होती.

घरी मम्मी म्हणाली, "सांग लढताना गेले म्हणून. काय बिघडतं तुझं?"

"ज्यांनी मारलं त्यांचं फावतं," मी म्हटलं, आणि आजोबांच्या उजव्या कानाशी बसून सगळं सांगितलं. रणगाड्यासकट.

त्यांनी चहाचा ग्लास भिंतीवर फेकला. मग माझ्या थोबाडीत मारली, जोरात. माझ्या हातात फोन देऊन म्हणाले, "फोन लाव त्याला."

तो म्हणजे वल्हं मोडणाऱ्या दिराचा मुलगा, आजोबांचा चुलतभाऊ. अजून वाडीतच असतो.

"तुझ्या बापाने माझ्या आईला मारलं तेव्हा माझा बाप मेलेला होता."

"आता कशाला उकरतोस, दादा? सगळे गेले."

"उकरायला त्याला पुरला कुठे होता? रविवारी मिस्सानंतर उभा राहा आणि वाडीला सांग."

"फादरना विचारून बघतो."

"मडम ठेवली हे फादरनी सांगितलं होतं काय? तुझ्या बापाने सांगितलं. तूच बोल."

फोन पलीकडून कट झाला. रविवार येऊन गेला, तो उभा राहिला नाही.

म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे. आमच्या वाडीतले असाल आणि मडमेची गोष्ट कधी हसत हसत सांगितली असेल, तर ज्याला सांगितली त्याला गाठा. गोळ्या सांगा, रणगाडा सांगा. आणि येत्या रविवारी तो चुलतभाऊ उभा राहिला नाही, तर तुम्ही उभे राहा.