मी मारलेलं औषध

"सर, पान परतून बघितलंत काय?"

मिरजोळ्याच्या आमच्या ऑफिसात मावशी दिवसातून एकदा तरी हे विचारायच्या. झाडलोट, चहा आणि कुंड्यांना पाणी, एवढं त्यांचं काम. जाता-येता फडकं खांद्यावर टाकायच्या, दोन बोटांनी पान उलटं करायच्या आणि डोळे बारीक करून बघत राहायच्या. तुमच्याही ऑफिसात असं कोणी असेल. त्यांच्याकडे आपण नीट बघत नाही, एवढंच.

मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. हे मी सगळ्यांना सांगायचो, मावशींना जरा जास्तच.

एकदा क्रोटनची पानं फिकट पडली. मी म्हटलं, खत कमी पडतंय. मावशींनी पानाखाली पांढरा कागद धरला, वरून टिचकी मारली. कागदावर लाल ठिपके चालायला लागले. "कोळी आहे तो. खालून पाण्यानं धुतलं की जातो." लाल कोळी मी परीक्षेत लिहिला होता, बघितला तेव्हा पहिल्यांदा. "ठाऊक आहे," म्हणून मी खुर्चीत जाऊन बसलो.

मग साहेबांच्या केबिनबाहेरच्या पामांवर कापसासारखा पिठ्या ढेकूण आला. मावशींचं म्हणणं, लागलेल्या कुंड्या बाजूला काढा, साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून पुसा, आठ दिवसांनी परत पुसा, कारण अंडी राहतात. एवढा वेळ कोणाला? माझे वडील आंब्याच्या बागेत फवारणीला जायचे. तिथलं तुडतुड्यांचं औषध मी बाटलीत भरून आणलं.

"सर, ते आंब्याच्या कलमांचं औषध. कुंडीतल्याला सोसायचं नाही."

"मावशी, मी हेच शिकलोय."

शनिवारी संध्याकाळी, सगळे गेल्यावर, मी अंदाजानं पाणी घालून फवारलं. सोमवारी पाम करपले होते आणि ऑफिसात वासानं बसवत नव्हतं.

मी तेव्हा नोकरीत कायम व्हायचा होतो. साहेबांनी विचारलं, हे कोणी केलं? मावशी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभ्या. मी म्हणालो, "झाडांचं मावशी बघतात."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मावशींनी माझ्याकडे बघितलं. मग साहेबांना म्हणाल्या, "चुकलं माझं."

पुढच्या आठवड्यात सफाईच्या ठेकेदारानं मावशींच्या जागी दुसरी बाई पाठवली.

परवा एसटी स्टँडवर दिसल्या, सुनेबरोबर. मी तोंड चुकवणार, तेवढ्यात त्यांनीच हाक मारली. सुनेला म्हणाल्या, "हे आमच्या ऑफिसातले सर." मग मला हळूच, "कायम झालात ना?"

"झालो."

"मग बरं झालं." आणि त्या खरंच खूश झाल्या.

माफीचं वाक्य माझं कित्येक महिने पाठ होतं. त्यांची गाडी लागली. त्या पिशवी ओढत चढल्या, आणि मी पिशवीला हात द्यायलाही पुढे झालो नाही.