आजच्या डोक्याचं माप

चिखलीच्या त्या खेळसाहित्यवाल्याचं नाव मी विचारलंच नाही. त्याचे हात क्षणभरही स्वस्थ नव्हते. सरांनी लेकीला हेल्मेटशिवाय स्केटिंगला येऊ नको म्हणून बजावलं होतं, आणि इकडे माझी अमडापूरची एसटी सुटायला आली होती. आमच्याकडे ड्रेस, चपला सगळं वाढत्या अंगाचं घेतात, म्हणून मी हेल्मेटही मोठंच मागितलं.

त्यानं ते लेकीच्या डोक्यावर ठेवून हलवलं. ते गरकन फिरून कानावर आलं. मग त्यानं लहान चढवलं, भुवईच्या वर दोन बोटं ठेवून बसवलं, हनुवटीखाली पट्टा आवळला.

"मान हालव, बेटा."

हेल्मेट जागचं हललं नाही.

"भाऊ, मोठंच द्या ना. दोन साल चालन."

"नाही देत, ताई. पोरगी पडन तं आजच्या डोक्याले लागन. दोन सालानंतरच्या डोक्याले नाही."

मी चिडून लहानच घेतलं आणि स्टँडकडे पळत सुटले. एसटी उभीच होती. चढता चढता लेकीच्या पिशवीतले स्केट माझ्या गुडघ्याला लागले. तेही मी दोन नंबर मोठे घेतले होते, पुढे कापूस कोंबून.

मी लेकीला घेऊन पायरीवरून खाली उतरले, परत त्याच्या दुकानाकडे.