उतरता येतं का?

सायकल चालवता येते का, असं मला विचारलं होतं. येते म्हणालो, आणि ते खरं होतं. उतरता येतं का, हे कोणी विचारलंच नाही.

एकाहत्तरच्या लढाईनंतरचा, म्हणजे बहात्तरचा हिवाळा. जखमी जवानांच्या मदतीसाठी आम्ही धुळ्यातल्या काही तरुणांनी सायकलफेरी काढायचं ठरवलं. लळिंगच्या किल्ल्यापासून सोनगीर, तिथे मुक्काम, मग थाळनेर. जिथे कधीकाळी तलवारी चालल्या, तिथून आजच्या लढवय्यांसाठी मदत मागायची, ही कल्पना माझी, कारण मी शाळेत इतिहास शिकवायचो. कल्पना सुचली तेव्हा मी खुर्चीवर बसलेलो होतो.

आमच्या शेजारचे भाऊ सैन्यातून परतले ते उजवा पाय गुडघ्याखाली गमावून. त्यांना हार घालून फेरीसोबतच्या जीपमध्ये बसवावं, असं मंडळींचं म्हणणं. भाऊ म्हणाले, "माले जीपमा बसाडू नका. मी काय गणपती शे का?"

डावा पाय ट्यूबच्या पट्टीनं पेडलला बांधून ते गल्लीत सायकल चालवायला लागले होते. पाय बांधलेला, म्हणून चढता-उतरताना कुणीतरी सायकल धरायला हवी. ते काम माझ्याकडे आलं. थांबायच्या जागी मी आधी उतरायचं, आणि धावत येऊन त्यांना धरायचं.

निघताना भाऊ हळूच म्हणाले, "लोकेस्नासमोर पडू देऊ नको, मास्तर. एकदा पडनू, का थाळनेरपर्यंत जीपच शे."

मी मान हलवली. मी सायकल शिकलो ओट्यावरून. चढायचं ओट्यावरून, उतरायचं ओट्याला पाय टेकून. घरापुढे ओटा, शाळेपुढे ओटा, मध्ये थांबायचं कशाला?

आग्रा रोडवर ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात. प्रत्येक ट्रकला मी भाऊंकडे बघायचो आणि माझंच हँडल डुगडुगायचं. पाण्यासाठी थांबलो तिथे नशिबानं पुलाचा कठडा होता. त्यावर पाय टेकला, उतरलो, धावत जाऊन भाऊंना धरलं. त्यांची खात्री पटली, मास्तर पक्का आहे. मला मात्र पुढचा प्रश्न: सोनगीरला काय असेल?

सोनगीरला चौकात पिंपळाचा पार होता. बघून जीवात जीव आला. जवळ गेलो, तर पारावर पाय ठेवायला जागा नाही. आरत्या घेतलेल्या बायका, टोपीवाले पुढारी, लेझीमची पोरं, सगळे कडेपर्यंत उभे. बाकीचे सायकलवाले मागे वेशीपाशी हारतुऱ्यांत अडकलेले. मी पाराला वळसा घातला. माझ्यामागून भाऊंनीही घातला.

"मास्तर, उतर ना आते."

"जागा नाही, भाऊ."

"उतराले जागा कसाले लागस?"

दुसरी फेरी सुरू झाली. भाऊंचा श्वास ऐकू येत होता. एका पायानं तेवढं अंतर तोडून आलेला माणूस.

"तुले उतरता येस ना?"

"ओटा असला तर येतं."

मग भाऊ म्हणाले, "मंग मनं काय? माले कोन धरी? बठ्ठा लोक देखी ऱ्हायनात."

लोक बघत होतेच. पण आम्ही पिंपळाला प्रदक्षिणा घालतोय, अशी त्यांची समजूत झाली होती. एका म्हाताऱ्यानं टोपी सारखी करून हात जोडले, की सगळ्यांनीच जोडले. वाट अडू नये म्हणून माणसं आणखी मागे सरली. म्हणजे सायकल धरेल असा हाताशी कुणी उरलाच नाही.

भाऊंचं चाक लटपटायला लागलं. मी हँडल सोडलं आणि आडवा झालो. गुडघे फुटले, धोतर साखळीत गेलं. ते फाडून उठलो आणि भाऊंचं सीट दोन्ही हातांनी पकडलं. सायकल थरथरली, थांबली. मी पट्टी सोडली. भाऊ माझ्या खांद्यावर हात टाकून उतरले, आणि आरती त्यांना ओवाळली गेली. मला एका आजीनं हळद लावली, गुडघ्यांना.

ऊन उतरल्यावर भाऊंनी मला शाळेच्या मैदानात नेलं. कुबडीवर उभं राहून म्हणाले, "डावा पाय पेडलवर. मंग उजवा असा मांगून आन."

उजवा पाय कसा आणायचा, ते त्यांनी हातानं हवेत करून दाखवलं. मी चार वेळा पडलो. पाचव्यांदा उभा राहिलो.

"उद्या थाळनेरले पार व्हई तरी," भाऊ म्हणाले, "तू खालेच उतर."