खोलीवरची शेरडी

माझ्या रूम पार्टनरइतका आरोग्यसंपन्न आणि उपाशी माणूस अख्ख्या शिरूर तालुक्यात दुसरा झाला नसेल. तो कासुर्डीचा, मी खुटबावचा. मोबाइल यायच्या आधीच्या त्या दिवसांत कॉलेजसाठी आम्ही शिरूरला एका खोलीत राहायचो. कुठल्याशा निसर्गोपचाराच्या पुस्तकातून त्यानं एकच मंत्र उचलला होता: जे खायचं ते अख्खं खायचं; सालासकट, बियांसकट, कोंड्यासकट. "चाळणी म्हंजी माणसाची पयली चूक," असं तो माझ्या बिस्किटाच्या पुड्याकडं कीव केल्यासारखं बघत म्हणायचा. मटकीला मोड आणायला त्यानं माझा बनियन वापरला. मी ओरडलो तर म्हणाला, "आजवर त्यात नुसता घाम व्हता. आता प्रोटीन हाय." केळीच्या सालीपाशी मात्र त्याचं तत्त्वज्ञान घसरलं.

घरून पैसे बेताचेच यायचे, त्यामुळं या आहाराचा बराचसा भाग म्हणजे नुसता पाला. बाजारात निमोण्याच्या एक मावशी भाजी विकायच्या. गिऱ्हाइकांनी पिळून तोडायला लावलेला गाजराचा, बिटाचा पाला हा पिशवीत भरून आणायचा. मावशी पूर्वी मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. पाला नेणारा पोरगा दिसल्यावर घरी शेळी असणार, याशिवाय त्यांनी दुसरं काय समजावं? "शेरडी हाय व्हय रं?" स्वतःच खातो हे सांगायची लाज वाटून हा म्हणाला, "व्हय, एकच हाय."

मग दर बाजारी मावशी शेरडीची तब्येत विचारायच्या आणि हा स्वतःची सांगायचा. "पोट फुगलंय," म्हटल्यावर त्यांनी ओवा-हिंग दिला. तो यानं घेतला आणि गुणही आला! परीक्षेच्या तोंडावर म्हणाला, "रातभर झोपत न्हाई मावशी, नुसत्या येरझाऱ्या." मावशींचा चेहरा खुलला. "माजावर आलीया! बोकड दावाया पायजे. मी आणते की खोलीवर."

याची पाचावर धारण बसली. "पाला बंद झाला तर जेवान बंद. मग कॉलेज सोडून घरी जावं लागंल," असं तो म्हणाला, तेव्हा मी त्याला पहिल्यांदा गंभीर बघितलं. आठवडाभर आम्ही उसनी शेरडी शोधत हिंडलो. मिळाली नाही. बाजाराच्या दिवशी मावशी पत्ता विचारत बोकडासकट दारात हजर! आम्ही परातीतून पाल्याची भाजी खात होतो. बोकडानं सरळ परातीत तोंड घातलं.

"आन् शेरडी कुठं हाय?"

"मीच हाय, मावशी."

मी हसू दाबत होतो. मावशी हसल्या नाहीत. "आन् मी तुला जनावराचं औशिद दिलं रं लेकरा," एवढंच म्हणाल्या आणि बोकड ओढत निघून गेल्या.

पुढच्या बाजारी हा पिशवी न घेताच माफी मागायला गेला. मावशींनी पाला दिला नाही. पाल्यासकट गाजरांची जुडी त्याच्या हातात कोंबली. "गप घे. आता शेरडं पाळायचं बंद."

अख्खं खा, अख्खं खा म्हणून माझं डोकं खाणाऱ्याच्या हातात अख्खं गाजर मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. खोलीवर येऊन त्यानं ते मोडलं आणि अर्धं मला दिलं.

आता तो कुठं असतो कुणास ठाऊक. भाजीवालीनं गाजराचा पाला पिळायला हात घातला की अजून मी "राहू द्या" म्हणतो. घरी शेरडी आहे का, असं मात्र कुणी विचारत नाही.